वंशावळ दगडावर कोरविणारा दत्तक राजा

आमच्या सायखेड्याहून गोदावरीच्या कांठानें वरतीं नाशकास व तेथून त्र्यंबकेश्वरीं गेलें, म्हणजे क्षेत्रोपाध्यायांचीं घरें लागतात. त्यांच्यापाशीं जुन्या वह्या असतात. यात्रेकरूनें आपलें आडनांव व गांव सांगितलें, कीं उपाध्ये वही उघडून त्याच्या आज्याचें, पणज्याचें व त्याच्याही बापाचें नांव वाचून दाखवितात. ख्रिस्ती झालेल्या घराण्याचें पान मात्र तेथें थांबतें. शिवाय आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें अशीं आहेत, कीं ज्यांच्या पूर्वजांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें होतें. त्यांचीं नांवें कोणी वहींत लिहिलींच नव्हतीं. म्हणून लग्नकार्यांत किंवा बाजारच्या दिवशीं कोणी कूळ विचारिलें, म्हणजे आमच्या तरुणांपैकीं एखादा मान खालीं घालितो, आणि एखादा खोटेंच मोठें घराणें सांगून मोकळा होतो. हे दोन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत, व दोहोंचेंही आम्हांस वाईट वाटलें आहे.

अशा वाचकांकरितां आज आम्ही तंजावरचे राजे सरफोजी भोसले यांचें चरित्र सांगणार आहों. त्यांचा जन्म १७७७ त झाला व ते १८३२ त वारले. ते ख्रिस्ती नव्हते. शेवटपर्यंत आपल्या वडिलांच्याच धर्मांत राहिले. तथापि एका ख्रिस्ती पाळकानें त्यांस बापाच्या मायेनें सांभाळिलें. आणि दूर देशीं जाऊन राहिलेल्या आपल्या मराठी घराण्याची वंशावळ ह्याच राजांनीं एका मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठींत कोरविली. नवल हें कीं, ज्यांनीं ती कोरविली ते त्या राजघरीं जन्मलेले नव्हते. ते दत्तक आलेले होते, व त्यांचें दत्तकविधान अशास्त्र आहे असा निकालही एकदां झाला होता.

प्रथम हें घराणें कोठून निघालें तें पाहूं. भीमेच्या खोऱ्यांतील हिंगणी, बेरडी व देऊळगांव ह्या गांवांची पाटिलकी भोसल्यांकडे होती. त्या घरांतील बाबाजी भोसले यांस मालोजी व विठोजी असे दोन पुत्र झाले. हे दोघे भाऊ वेरुळास येऊन राहिले. वेरूळ म्हणजे आमच्या सायखेड्यापासून पूर्वेस, येवलें व वैजापूर यांच्याही पलीकडे, दौलताबादेजवळचें लेण्यांचें गांव होय. तेथून ते सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या पदरीं चाकरीस लागले व पुढें अहमदनगरच्या निजामशाहींत चढत गेले. मालोजींस पुष्कळ दिवस संतान नव्हतें. नगरच्या शाह शरीफ नांवाच्या पिरास नवस केल्यावर पुत्र झाले, म्हणून एकाचें नांव शहाजी व दुसऱ्याचें शरीफजी ठेविलें, अशी कथा त्या घराण्यांत सांगत आले आहेत. हिंदु घराण्यांतल्या मुलांस मुसलमान साधूचें नांव मिळावें, यावरून त्या काळचे लोक एकमेकांच्या किती जवळ राहत होते हें दिसतें.

शहाजी राजांनीं निजामशाही वांचविण्याची पुष्कळ खटपट केली. परंतु १६३६ त ती बुडाली, तेव्हां ते विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरींत गेले व पुढें बंगळुरास राहूं लागले. त्यांची थोरली पत्नी जिजाबाई ही लखुजी जाधवरावांची कन्या. तिच्या पोटीं जन्मलेले शिवाजी महाराज पुण्याच्या जहागिरींत वाढले, हें आमच्या पोरासोरांसही ठाऊक आहे. दुसरी पत्नी तुकाबाई ही मोहित्यांची. तिचा पुत्र एकोजी, ज्यांस व्यंकोजीही म्हणत, हे बापाजवळ कर्नाटकांत वाढले. एका बापाचे दोन पुत्र; एकाचें नांव साऱ्या देशांत गाजलें, आणि दुसऱ्याची शाखा कावेरीच्या कांठीं जाऊन रुजली.

ती कशी रुजली, हेंही उघडपणें सांगितलें पाहिजे. तंजावरास नायक राजांचें राज्य होतें. १६७३ त मदुरेच्या नायकानें तें जिंकिलें. मेलेल्या तंजावरकर राजाच्या घराण्यांतला एक लहान मुलगा दाईनें वांचविला होता. त्याचें राज्य त्यास परत मिळवून द्यावें म्हणून विजापुराहून एकोजींस पाठविलें. एकोजींनीं शत्रूस घालवून मुलास गादीवर बसविलें. पण थोड्याच काळांत, १६७५ च्या सुमारास, ते स्वतःच राजे झाले. अशी ही हकीकत सांगतात. वाचकांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी, कारण पुढें ह्याच घराण्यांत एका पोरक्या वारसाचा हक्क दुसऱ्यानें हिरावून घेतलेला आपणांस दिसणार आहे. पूर्वजांनीं मिळविलेलें राज्य वंशजांस मिळतें, त्याचप्रमाणें पूर्वजांचे दोषही पुष्कळदा परत घरीं येतात.

१६७७ त शिवाजी महाराज कर्नाटकांत उतरले. कोल्लिडम नदीजवळ दोघां सावत्र भावांची भेट झाली. बापाच्या मिळकतीची वांटणी व्हावी असें महाराजांचें म्हणणें होतें. एकोजींस तें मानवलें नाहीं, व ते रातोरात निघून गेले. पुढें त्यांच्या फौजांची लढाईही झाली, व अखेर तडजोड होऊन तंजावर एकोजींकडेच राहिलें. त्यांच्या मागून त्यांचे तीन पुत्र एकामागून एक राज्यावर बसले. मुलुख तमिळ, दरबारांतली कविता पुष्कळशी तेलुगु, शास्त्र संस्कृत. पण राजघराण्याची घरची बोली मराठी व दप्तराची लिपि मोडी राहिली. महाराष्ट्रांत अजून रंगभूमि जन्मास आली नव्हती, तेव्हां तंजावरास मराठी नाटकें लिहिलीं जात होतीं.

आतां सरफोजींच्या काळाकडे वळूं. एकोजींचे पणतू तुळजाजी राजे हे १७६३ त गादीवर आले. १७७३ त अर्काटच्या नबाबानें इंग्रज कंपनीच्या फौजेच्या साह्यानें तंजावर घेतलें व राजांस कैद केलें. १७७६ त कंपनीनें त्यांस पुन्हां गादीवर बसविलें. पुढें हैदर अलीच्या फौजांनीं १७८१ त सारा मुलुख उध्वस्त केला. त्यांतच राजांचीं सारीं मुलें त्यांच्या डोळ्यांदेखत वारलीं. अशा दुःखाच्या वेळीं त्यांचा ज्या माणसावर भरंवसा होता तो एक जर्मन पाळक होता. त्यांचें नांव रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ साहेब प्रशिया देशांतील सोनेनबुर्ग गांवीं १७२६ त जन्मले व १७५० त समुद्रकांठच्या तरंगंबाडी येथील डॅनिश मिशनांत आले. तमिळ तर ते बोलतच; परंतु तंजावरच्या राजाशीं त्याच्या घरच्या भाषेंत बोलतां यावें म्हणून ते मराठीही शिकले. त्यांनीं लग्न केलें नाहीं, संपत्ति जोडली नाहीं, व कोणाची लांच घेतली नाहीं. १७७९ त इंग्रजांनीं त्यांस हैदर अलीकडे वकील म्हणून पाठविलें, तेव्हां हैदरानेंही त्यांचा मान ठेविला. युद्धाच्या दिवसांत तंजावरचा किल्ला उपाशी मरूं लागला, आणि सरकार पैसे देईल यावर रयतेचा विश्वास उरला नव्हता. त्या वेळीं श्वार्ट्झ साहेबांनीं आपला शब्द दिला, व त्या एका शब्दावर शेतकऱ्यांनीं बैल व धान्य आणून दिलें. साहेबांनीं प्रत्येकाचा पैसा चुकता करविला.

१७८७ त तुळजाजी राजे मरणाच्या दारीं होते. त्यांनीं भोसले कुळाच्याच एका दूरच्या शाखेंतील दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला व त्याचें नांव सरफोजी ठेविलें. मग त्यांनीं श्वार्ट्झ साहेबांस बोलावून मुलाचा हात त्यांच्या हातीं दिला व ह्याचे पालक तुम्ही व्हा अशी विनंती केली. साहेब विचारांत पडले. आपण परदेशी उपदेशक. राजवाड्यांतील कारस्थानांत आपला निभाव लागणार नाहीं, आणि मुलास आपण नीट राखूं शकणार नाहीं असें त्यांस वाटलें. म्हणून राजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनीं मूल मोठें होईपर्यंत कारभार पाहावा, असा सल्ला त्यांनीं दिला. सल्ला सद्हेतूचा होता. पण फळ कडू निघालें.

तुळजाजी वारतांच अमरसिंहांनीं तक्रार केली, कीं हें दत्तकविधान शास्त्रास धरून नाहीं. कंपनीच्या मद्रासच्या गव्हर्नरानें पंडितांचें मत मागितलें. पंडित म्हणाले, मुलगा आपल्या जन्मदात्या बापाचा एकुलता एक आहे, त्याचें वय दत्तकास योग्य त्याहून अधिक आहे, आणि दत्तक घेणारा राजा आजारानें जर्जर होता. सबब तो पुत्रच नव्हे. अमरसिंह राजे झाले. सरफोजीस एका अंधाऱ्या जागेंत जवळजवळ कोंडून ठेविलें. त्यास वाचणें लिहिणें शिकवावयास कोणी जाऊं नये, असा बंदोबस्त झाला. कालपर्यंत जो युवराज होता त्यास आज नांव नाहीं, घर नाहीं, बाप नाहीं. ज्या दोन वंशांमध्यें तो उभा होता, त्यांपैकीं एकानें त्यास दिलें होतें व दुसऱ्यानें नाकारिलें होतें.

श्वार्ट्झ साहेबांस ही गोष्ट कळली तेव्हां त्यांस आपली चूक दिसली. ती चूक झांकून ठेवण्याचा यत्न त्यांनीं केला नाहीं. त्यांनीं मद्रासेस पत्रें लिहिलीं, मुलाच्या जिवाच्या रक्षणाकरितां पहारा बसवावयास लाविला, शिक्षक मिळवून दिला, व अखेर १७९३ त सरफोजीस आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांस मद्रासेस सुरक्षित नेवविलें. तेथें रेव्हरंड गेरिके यांनीं त्याच्या शिक्षणावर देखरेख केली. मुलगा इंग्रजी शिकला. भूगोल, गणित, नकाशे, चित्रकला यांत त्याचें मन रमलें. इकडे वृद्ध श्वार्ट्झ साहेब त्याच्या हक्काचा दावा चालवीत होते. पूर्वीं पंडितांनीं दिलेलें मत दडपणाखालीं व लांचेनें मिळविलेलें होतें, असें चौकशींत दिसूं लागलें. इतर ठिकाणच्या पंडितांचीं मतें घेतलीं, तीं सरफोजीच्या बाजूचीं पडलीं. एका परधर्मी अनाथ मुलाच्या हिंदु शास्त्राप्रमाणें असलेल्या हक्कासाठीं एक ख्रिस्ती पाळक दहा वर्षें झटला, आणि त्याबद्दल मुलानें ख्रिस्ती व्हावें अशी अट त्यानें कधीं घातली नाहीं. आमच्या उपदेशक बंधूंनीं ह्या गोष्टीवर थोडा विचार करावा.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजीं श्वार्ट्झ साहेब तंजावरास प्रभूकडे गेले. सरफोजी प्रेतयात्रेस आले. राजकुळांतील माणसानें प्रेताजवळ येऊं नये अशी रूढि होती. ती त्यांनीं पाळिली नाहीं. पेटी बंद होण्यापूर्वीं त्यांनीं तें मुख पाहिलें, फार रडले, वर जरीचें वस्त्र घातलें, व थडग्यापर्यंत चालत गेले. चार महिन्यांनीं, जून १७९८ अखेर, कंपनीनें अमरसिंहांस दूर करून सरफोजींस गादीवर बसविलें. ज्यानें हा दिवस आणिला तो पाहावयास राहिला नव्हता. पुढें राजांनीं थडग्याच्या दगडासाठीं स्वतः इंग्रजींत ओळी रचिल्या, आणि विलायतेंतील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन यांजकडून संगमरवराचें एक स्मारक करवून तंजावरच्या ख्रिस्ती देवळांत बसविलें. त्यांत श्वार्ट्झ साहेब मरणशय्येवर आहेत, व राजे त्यांचा हात हातीं घेऊन उभे आहेत.

गादी मिळाली, पण सत्ता राहिली नाहीं. ऑक्टोबर १७९९ च्या तहानें मुलुखाचा सारा कारभार कंपनीनें घेतला. राजांकडे किल्ला, वर्षास एक लाख होन, व उत्पन्नाचा पांचवा हिस्सा राहिला. दुसरा एखादा शिकारींत व नाचरंगांत दिवस घालविता. ह्या राजांनीं मात्र दोन कामें हातीं घेतलीं. एक, आपण कोण व कोठून आलों हें लिहून ठेवणें. व दुसरें, जगांत जें ज्ञान आहे तें तंजावरास आणणें.

पहिलें काम १८०३ त झालें. तंजावरास बृहदीश्वराचें प्रचंड देवालय आहे. तें राजराज चोळ यानें इसवी सन १०१० च्या सुमारास पुरें केलें, व त्याच्या भिंतींवर त्या काळचे तमिळ लेख जागोजाग कोरलेले आहेत. त्याच देवळाच्या आवारांत, नैऋत्य बाजूच्या भिंतीवर, राजांनीं आपल्या घराण्याचा इतिहास देवनागरी अक्षरांत, मराठी भाषेंत कोरविला. मजकूर चिटणीस बाबूराय यांनीं तयार केला. ह्या लेखास भोसले वंशचरित्र म्हणतात. हिंदुस्थानांतील अत्यंत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यांत पुराणांतल्या राजांपासून आरंभ करून मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, एकोजी व त्यांचे वंशज यांची हकीकत सरफोजींपर्यंत आणिली आहे. बाबाजी पाटलापासून मोजलें तर मालोजी, शहाजी, एकोजी, तुकोजी, प्रतापसिंह, तुळजाजी व सरफोजी, अशा आठ पिढ्या होतात. भीमेच्या खोऱ्यांतून निघालेलें घर वेरूळ, विजापूर, बंगळूर करीत कावेरीच्या कांठीं कसें पोंचलें, हें तमिळ देशाच्या मध्यभागीं आमच्या भाषेंत दगडावर लिहिलेलें आहे.

राजांनीं हें कां केलें असावें? आम्हांस असें वाटतें, कीं ज्या घरांत जन्मल्यानें मनुष्य राहतो त्या घराचा तो फारसा विचार करीत नाहीं. ज्या घरांत त्यास कोणीं प्रेमानें घेतलें, आणि दुसऱ्यानें ज्याच्या दारांतून बाहेर काढिलें, त्या घराच्या पायरीपायरीची त्यास ओळख असते. शिवाय, एकदां पंडितांच्या तोंडच्या शब्दानें त्यांचें पुत्रत्व गेलें होतें. तोंडचा शब्द फिरतो; दगडावरचें अक्षर फिरत नाहीं.

तरी दगडावर लिहिलें म्हणून सारेंच खरें होतें, असें मात्र नव्हे. ह्या लेखांतील पुराणकाळच्या राजांपासून भोसल्यांपर्यंतची सांखळी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. अलीकडच्या पिढ्यांविषयींही कित्येक सनावळ्या व प्रसंग इतर कागदांशीं जुळत नाहींत, असें जाणत्यांनीं दाखविलें आहे. ही खोड एका तंजावरचीच नव्हे. १६७४ त रायगडावर राज्याभिषेक व्हावयाचा होता, तेव्हां शिवाजी महाराजांस अभिषेकाचा अधिकार आहे कीं नाहीं असा प्रश्न ब्राह्मणांनीं काढिला. तेव्हां भोसल्यांचें मूळ मेवाडच्या सिसोदे रजपुतांपर्यंत नेण्यांत आलें, आणि काशीचे गागाभट्ट, ज्यांचें घराणें मूळचें आमच्या गोदाकांठच्या पैठणचें, यांनीं अभिषेक केला. ज्या पुरुषानें आपल्या हातांनीं राज्य उभारिलें, त्यासही जगानें आधीं पणज्याचें नांव विचारिलें! आमच्या मतें महाराजांची थोरवी त्या सांखळीनें वाढली नाहीं, व ती सांखळी तुटली तर तिळभर कमीही होत नाहीं. हिंगणी-बेरडीचे पाटील, वेरुळाचे शिलेदार, हें मूळ लहान नाहीं. आणि तें खरें आहे, म्हणून पुराणांतल्या मुळाहून आम्हांस तें अधिक मोलाचें वाटतें.

राजांचें दुसरें काम तर त्याहून मोठें. त्यांनीं छापखाना काढून देवनागरी ठसे पाडविले, व १८०६ त तेथें इसापाच्या नीतिकथांचें मराठी पुस्तक बालबोध मुक्तावली ह्या नांवानें छापलें. महाराष्ट्रांत मुंबईच्या मिशनऱ्यांनीं मराठी पुस्तकें छापण्यास आरंभ केला, त्याच्या आधींची ही गोष्ट आहे. त्यांनीं शाळा काढिल्या. ओरत्तनाडू येथें अन्नछत्र घातलें. धन्वंतरि महाल नांवाची औषधशाळा चालविली. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणें ठेविलेलीं आहेत; त्यांत रोग कोणता, उपाय कोणता, गुण किती आला, हें लिहिलेलें आढळतें. मुलांनीं पृथ्वीचा भूगोल गात गात शिकावा म्हणून देवेंद्र कुरवंजी नांवाचें मराठी नाटकही त्यांनीं रचिलें. नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेला सरस्वती महाल नांवाचा ग्रंथसंग्रह त्यांनीं इतका वाढविला, कीं आज तो त्यांच्याच नांवें ओळखला जातो. १८२० त ते सुमारें तीन हजार माणसें बरोबर घेऊन काशीच्या यात्रेस गेले, तेव्हां वाटेंत व काशींत जुन्या पोथ्या मिळवून घरीं आणिल्या. हा संग्रह १९१८ त सर्व लोकांस खुला झाला. त्यांत सुमारें तीन हजार मराठी हस्तलिखितें आहेत. आमच्या संतांच्या व कवींच्या कित्येक रचना महाराष्ट्रांत नाहींशा झाल्या असतां त्या परक्या प्रांतांत सांपडल्या, त्या ह्या दत्तक पुत्राच्या काळजीमुळें.

ख्रिस्ती लोकांशीं ते शेवटपर्यंत ममतेनें वागले. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची सोय त्यांनीं आपल्या खर्चानें केली. श्वार्ट्झ साहेबांचे दुसरे एक शिष्य, प्रसिद्ध तमिळ ख्रिस्ती कवि वेदनायगम शास्त्री, यांसही त्यांचा आश्रय होता. १८२६ त बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हां राजांनीं त्यांची भेट घेऊन आपल्या वृद्ध गुरूची आठवण मोठ्या प्रेमानें काढिली. राजे ख्रिस्ती कां झाले नाहींत, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील. मनुष्याच्या अंतःकरणाचा हिशेब देवाकडे आहे. आपण एवढेंच म्हणूं, कीं ज्यानें उपकार केला त्याचें नांव त्यांनीं लपविलें नाहीं.

७ मार्च १८३२ रोजीं सरफोजी राजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. ते १८५५ त पुत्रावांचून वारले, आणि कंपनीनें तंजावरचें राज्य खालसा केलें. राजांची खाजगी मिळकतही कंपनीनें घेतली, तेव्हां राणी कामाक्षीबाई कोर्टांत गेल्या. परंतु १८५९ त प्रिव्ही कौन्सिलनें त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. ज्या कंपनीनें सरफोजींच्या वेळीं दत्तकाच्या शास्त्रार्थाची इतकी बारीक चौकशी केली, तिनेंच पन्नास-साठ वर्षांत असें केलें. गादी गेली, किल्ला गेला. भिंतीवरचा लेख व कपाटांतल्या पोथ्या मात्र राहिल्या. तमिळ देशांत आजही मराठी बोलणारीं जीं जुनीं घराणीं आहेत, त्यांस आपण कोण आहों हें सांगावयास तो लेख उभा आहे.

देश सोडून गेलेल्या लोकांस वंशावळीची ओढ अधिक असते, हें इतर देशांतही दिसतें. धर्माकरितां छळ सोसून स्वित्झर्लंड व ऱ्हाईन नदीकांठचा मुलुख सोडून गेलेले आमिश नांवाचे ख्रिस्ती लोक अठराव्या शतकांत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियांत गेले. हे लोक शेतकरी, व शस्त्र हातीं न धरणारे. त्यांच्यांतील याकोब होखश्टेटलर नांवाचा गृहस्थ १७३८ त तेथें उतरला. १७५७ त लढाईच्या दिवसांत त्याच्या झोंपडीवर रात्रीं हल्ला आला. मुलांनीं बंदुका उचलल्या. पण मनुष्यहत्या करूं नये म्हणून बापानें त्यांस गोळी झाडूं दिली नाहीं. पत्नी व दोन मुलें मारलीं गेलीं. तो स्वतः व दोन मुलगे कैद झाले. त्या घराण्यांतल्याच एका पाळकानें जुनीं कागदपत्रें व म्हाताऱ्यांच्या आठवणी जमवून १९१२ त त्याच्या वंशजांचें एक मोठें पुस्तक छापिलें. ह्या घराण्याजवळ राजा नाहीं, किल्ला नाहीं. एका शेतकऱ्यानें त्या रात्रीं काय केलें, हीच त्यांची वडिलोपार्जित मिळकत.

तर मग, बंधुभगिनींनो, आमच्या कुटुंबांनीं काय करावें? पौलानें तीमथ्यास न संपणाऱ्या वंशावळ्यांच्या नादीं लागूं नये असें बजाविलें, हें खरें. पण तें वृथा वादाविषयीं व गर्वाविषयीं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत वंशावळ आहे, आणि तींत राहाब व रूथ यांसारख्या परक्या स्त्रियांचीं नांवें लपविलेलीं नाहींत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत तर आपणां सर्वांस दत्तकपण मिळालें आहे असें शिकविलें आहे. दत्तक पुत्र हा घरांतला उसना पुत्र नव्हे. सरफोजींच्या चरित्रांत आपण पाहिलें, कीं साऱ्या घराची आठवण त्यानेंच राखिली.

आमची विनंती एवढीच आहे. प्रत्येक गांवच्या उपदेशकानें एक जाड वही घ्यावी. पावसाळ्यांत कामें थांबतात, तेव्हां मंडळींतील म्हाताऱ्या माणसांजवळ बसावें. आजा कोण, आजी कोणत्या गांवची, घर पूर्वीं कोणत्या वस्तींत होतें, दुष्काळांत कोण कोठें गेलें, प्रथम बाप्तिस्मा कोणीं घेतला व त्या दिवशीं भाऊबंदांनीं काय केलें, हें सारें लिहावें. बायकांचीं नांवें गाळूं नयेत. जो पूर्वज महार होता तो महार होता असें लिहावें, मांग होता तो मांग, कुणबी होता तो कुणबी. जें ठाऊक आहे तेवढेंच लिहावें. पुराणांतला राजा शोधण्याच्या भरीस पडूं नये. आणि ती वही उंच जागीं ठेवावी, कारण गोदावरीचा पूर सायखेड्यास व पलीकडे चांदोरीस नवा नाहीं. २०१९ त तो घराघरांत शिरला होता, आणि कागदास पाणी एकदां लागलें कीं आज्याचें नांव पुन्हां मिळत नाहीं.

पुढें एखाद्या लग्नांत आमच्या एखाद्या तरुणास कोणी कूळ विचारील. तेव्हां त्यानें मान खालीं घालूं नये, व खोटेंही सांगूं नये. त्यानें आपल्या आज्याचें नांव सांगावें, आजीचें सांगावें, व आपण कोणाच्या घरांत घेतले गेलों आहों तेंही सांगावें.